तेरा हिवाळे ताईंच्या मागे

आज सकाळी गाडीच्या काचेवर यंदाचा पहिला बर्फाचा पापुद्रा धरला होता. हातमोजे वर विसरले होते, म्हणून उघड्या हातानंच तो खरवडत राहिले. लुडविग्सहाफेनमधला नोव्हेंबर म्हणजे ऱ्हाइनवरचं धुकं, कारखान्याची अर्धीच दिसणारी धुरांडी आणि आठ वाजत आले तरी न उजाडलेला रस्ता. कौतुकानं बघावं असं त्यात काही नाही. तरी खरवडण्याची ती करकर कानात गेली आणि माझा उजवा घोटा आपोआप आत कलला, गुडघा थोडा वाकला. वर खिडकीत मिलिंद, म्हणजे माझा नवरा, उभा होता. म्हणाला, "आला वाटतं बर्फ अंगात." मी म्हटलं, "तू चहा टाक."

या करकरीबरोबर दर वर्षी मला एकच हिवाळा आठवतो. साधारण दोन हजार पंधराच्या आसपासचा. त्या वर्षी डिसेंबर हिरवागार गेला, ख्रिसमसला लोक नुसत्या स्वेटरवर बाल्कनीत उभे होते. मग जानेवारीत सगळं एकदमच आलं. बर्फ, त्यावर पाऊस, त्यावर कडाक्याची थंडी आणि त्यावर पुन्हा बर्फ. डोंगरावर सकाळी पायाखाली काच असायची, दुपारी उन्हातल्या उतारावर चिखल व्हायचा आणि उत्तरेच्या सावलीत गुडघाभर भुसभुशीत साठलेलं असायचं. असा कशाचाच भरवसा नसलेला बर्फ. आणि नेमका त्याच हिवाळ्यात ताईंचं स्कीइंग संपणार होतं. एप्रिलमध्ये त्यांचा उजवा गुडघा बदलायचा होता. डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं होतं, नव्या गुडघ्यानं चाला, पोहा, सायकल चालवा, स्की मात्र आता विसरा.

ताई म्हणजे सुनंदाताई, माझ्या थोरल्या नणंदबाई. मिलिंदपेक्षा चौदा वर्षांनी मोठ्या. ऐंशीच्या दशकात वाशीमहून निघून हायडेलबर्गला पेशींवर संशोधन करायला आल्या. लग्न केलं नाही, वरणभात सोडला नाही, आणि एका हिवाळ्यात प्रयोगशाळेतल्या मंडळींबरोबर आल्प्समध्ये गेल्या त्या दर हिवाळ्यात जातच राहिल्या. मी लग्न होऊन इथे आले तेव्हा पहिल्याच भेटीत त्यांनी मला विचारलं, "वजन किती तुझं?" मी हबकले. सासरच्या माणसांकडून काय काय ऐकावं लागेल याची माहेरी उजळणी करून आले होते, पण सरळ वजनावर कुणी येईल असं वाटलं नव्हतं. नंतर कळलं, माझ्यासाठी स्की ठरवायच्या होत्या, आणि बूट धरून ठेवणारं बाइंडिंग किती घट्ट करायचं ते वजनावरून ठरतं.

मला त्यांनीच शिकवलं. शिकवणारा पुढे आणि शिकणारा त्याच्या रेषेतून मागे, अशी ती पद्धत. त्यांचं निळं जॅकेट जिथे वळेल तिथे मी वळायचं. पहिल्या हिवाळ्यात मी बसूनच जास्त उतार उतरले. तिसऱ्यात वळायला लागले. सातव्या-आठव्यात काळ्या खांबांच्या, म्हणजे सगळ्यांत अवघड उतारांवरून त्यांच्या मागोमाग खाली यायला लागले आणि धापसुद्धा लागेना. तोवर शिकवणं कधीच संपलं होतं, पण मागे राहण्याची सवय मात्र राहिली. मोठ्या माणसाच्या पुढून जायचं नाही हे कुणी मला वेगळं शिकवलेलं नाही, ते अंगातच मुरलेलं. दारातून बाहेर पडताना, जेवायला बसताना, आणि तसंच दोन हजार मीटरवर. वर पोचलो की मी काठ्या टेकून बाजूला उभी, "व्हा तुम्ही पुढे."

त्या डिसेंबरात डॉक्टरांकडून आल्यावर ताईंनी मला फोन केला. आवाज अगदी रोजचा. म्हणाल्या, "उजू, फेब्रुवारीत आपली शेवटची वारी नेहमीच्याच गावी. आणि एक सांगते. तेरा वर्षांत मी तुला स्की करताना बघितलेलंच नाही. मागे वळून बघते तेव्हा तू थांबलेली असतेस. या वेळी तू पुढे, मी मागे. एकदा तिथला उत्तरेचा उतार तसा उतरायचाय मला. मग गुडघा काढू दे त्यांना." मी म्हटलं, "हो ताई, नक्की." म्हणताना मनापासूनच म्हटलं होतं.

आता स्कीचं. तोवर मी कधी स्वतःसाठी स्की घेतल्याच नव्हत्या. ताईंनी नव्या घेतल्या की त्यांच्या जुन्या माझ्याकडे यायच्या, जशा थोरल्या जावेच्या साड्या धाकटीकडे येतात. मला त्यात कमीपणा कधी वाटला नाही. उलट बरं वाटायचं, कुणाच्या तरी पायाखालून निघालेल्या म्हणून जरा धीर यायचा. पण त्या अरुंद, आखूड, गुळगुळीत दाबलेल्या उतारासाठीच बनलेल्या. त्या वर्षीच्या काच-चिखल-भुशात त्यांचं काही खरं नव्हतं. ताई म्हणाल्या, "तुला ऑलमाउंटन पाहिजेत. डोंगर जो काही समोर टाकेल त्यावर चालतील अशा. आणि चांगलं चालवणाऱ्या बाईनं घ्याव्यात तशा घे, शिकाऊ मुलीसारख्या नको." त्यासाठी मला घेऊन त्या हायडेलबर्गच्या दुकानात गेल्या आणि बुटांच्या बाकावर पाय लांब करून बसल्या.

इथे मला आपल्या लोकांबद्दल जरा बोलायचंय. आपल्याकडे बाईला साडी छान आहे म्हणा, ती म्हणेल जुनीच आहे. पाच पदार्थ रांधून म्हणेल, काही विशेष नाही, साधंच केलंय. गाणारीला गायला सांगा, तिचा घसा सकाळपासून बसलेला असतो. मग ती तासभर गाते. यात खोटेपणा नाही. समोरच्यानं "छे छे, असं काय" म्हणायचं असतं, हे दोघांनाही ठाऊक असतं. अभ्यासाचं मात्र वेगळं. माझे वडील शाळामास्तर, आमच्या वस्तीत शिक्षणावर सगळी भिस्त. मार्क सांगताना दशांशसुद्धा गाळायचा नाही, ताठ मानेनं सांगायचे, ही त्यांची शिकवण. म्हणून रसायनशास्त्रातलं माझं काम मी जर्मन साहेबांसमोर आजही न लाजता माझं म्हणून सांगते. पण जे नुसतं आनंदाचं आहे, ज्याचे मार्क नाहीत, ते आपल्याला चांगलं येतं असं म्हणायला मला कुणी शिकवलंच नाही. आणि जर्मन माणूस "छे छे" म्हणत नाही. तुम्ही जे सांगाल ते तो लिहून घेतो.

दुकानातले गृहस्थ पिकल्या मिशांचे, गळ्यात दोरीनं चष्मा अडकवलेले. समोर फॉर्म. उंची, वजन, वय, बुटाच्या तळाची लांबी. मग म्हणाले, "तर मग, आता कसं चालवता ते सांगा. एक म्हणजे हळू आणि जपून, दोन म्हणजे मध्यम, तीन म्हणजे वेगानं, तीव्र उतारावर." मी बाकाकडे बघितलं. ताई बघत होत्या. ज्या बाईनं बोट धरून शिकवलं तिच्यादेखत मी "तीन" म्हणू?

"तसं बरं येतं," मी म्हटलं. "एक. किंवा एक आणि दोनच्या मध्ये."

"मध्ये काही नसतं," ते म्हणाले.

"मग एक."

त्यांनी एक लिहिलं. मग त्या आकड्याला शोभतील अशा स्की काढल्या. दामेनस्की, म्हणजे खास बायकांच्या, हलक्या, मऊ, जांभळ्या फुलांच्या, माझ्या हनुवटीलाही न पोचणाऱ्या. बाइंडिंगही त्याच आकड्याप्रमाणे सैल ठेवलं, कारण जपून चालवणारी पडली तर स्की पायातून चटकन सुटावी, पाय मोडू नये. त्यांचं काहीच चुकलं नाही. ताई मान फिरवून काचेबाहेर बघत बसल्या. मला वाटलं, गुडघा दुखत असेल.

फेब्रुवारीत आल्प्सच्या आल्गॉय भागातल्या त्या नेहमीच्या गावी गेलो. सहा दिवस. पहिल्या दिवशी उत्तरेच्या उताराच्या तोंडाशी आलो, ताई थांबल्या, हातानं खूण केली, हो पुढे. मी म्हटलं, "आज पहिलाच दिवस आहे ताई, पाय मोकळे होऊ देत, तुम्ही व्हा." दुसऱ्या दिवशी सकाळी त्या नुसत्या माझ्याकडे बघत उभ्या राहिल्या, आणि मी पुन्हा म्हटलं, "उद्या नक्की." नव्या स्की पायाखाली थरथरतायत हे मला पहिल्या दिवशीच कळलं होतं. जरा वेग घेतला की टोकं फडफडायची, जरा दाब दिला की वाकून जायच्या. मी म्हटलं, माझंच काहीतरी चुकत असेल.

त्याच सकाळी उताराच्या मध्यावर, जिथे तो सगळ्यांत उभा होतो आणि खाली निव्वळ बर्फाचा दगड असतो, तिथे मी वळणात पूर्ण भार बाहेरच्या पायावर टाकला. तो भार तीन आकड्याच्या बाईचा होता. बाइंडिंग एक आकड्याचं होतं. खट् असा आवाज झाला, स्की सुटली, आणि मी पाठीवर. घसरत जाऊन भुशात अडकले तेव्हा छातीतली हवाच निघून गेली होती. दुखत काही नव्हतं, पण बोलता येईना, हलता येईना. सुटलेली स्की माझ्या आधी खाली गेली होती.

ताई चाळीसेक मीटर खाली होत्या. त्यांनी स्की अडवली, वर बघितलं, मी हलत नव्हते. मग ती बाई माझी स्की खांद्यावर टाकून, आडव्या पावलांनी, एकेक पाऊल बर्फात ठोकत वर चढायला लागली. त्या गुडघ्यावर. मला दिसत होतं सगळं. मला ओरडून सांगायचं होतं की मी धड आहे, येऊ नका. श्वास आला तेव्हा त्या माझ्याजवळ पोचल्या होत्या आणि त्यांचा चेहरा पांढराफटक होता. म्हणाल्या, "पाय हलव. दोन्ही. हं. ऊठ आता."

संध्याकाळपर्यंत त्यांचा गुडघा दुधीभोपळ्यासारखा सुजला. गावातल्या डॉक्टरांनी बघितलं आणि सांगितलं, आता स्कीला पाय लावायचा नाही. एवढंच. तीस हिवाळे असे एका वाक्यात संपले, तेही माझ्यामुळे.

खोलीत त्या पलंगावर पाय उशीवर ठेवून बसल्या होत्या. मी रडत होते आणि माफ करा, माफ करा म्हणत होते. मग म्हणाल्या, "गुडघा एप्रिलमध्ये जाणारच होता. त्याचं मला काही नाही. पण दुकानात तू एक म्हणालीस ना, ते मला लागलं."

"तुमच्यासमोर कसं म्हणू, ताई?"

"माझ्यासमोरच म्हणायचं. तेरा वर्षं शिकवलं मी तुला. आणि तू त्या माणसाला सांगतेस, एक. म्हणजे माझं शिकवणं काय झालं? तू स्वतःला कमी म्हणतेस ते नम्र म्हणून म्हणत असशील. हिशेबात ते माझ्या खात्यातून वजा होतं."

मिलिंदचा फोन आला. मी बाहेर जाऊन सगळं सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं. एरवी टिंगल केल्याशिवाय राहत नाही, त्या दिवशी म्हणाला, "ताईला बघायचं होतं ना? मग बघू दे की. अजून चार दिवस आहेत." आणि फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी गावातल्या दुकानात गेले. काउंटरवर एक आडव्या बांध्याची बाई होती. तिनं विचारलं, आणि मी म्हटलं, "तीन." भुवई न उचलता तिनं लिहून घेतलं. इतकं सोपं होतं ते. मग तिनं सांगितलं, दिवसभर हव्या तितक्या जोड्या बदलून बघा, डोंगरालाच विचारा.

तो दिवस मी आयुष्यात विसरणार नाही. मन थाऱ्यावर नव्हतं, ताई खोलीत एकट्या होत्या, आणि तरी पाय मात्र लहान मुलासारखे हरखले होते. पहिली जोडी रुंद, ताज्या भुसभुशीत बर्फात लोण्यासारखी तरंगायची, पण सकाळच्या काचेवर आली की नुसती खडखड, धार लागेचना. दुसरी अरुंद आणि टणक. काचेवर सुरीसारखी चालली, भुशात मात्र टोकं बुडवून मला दोनदा तोंडावर पाडलं. तिसरी काळी, साधी, फूल ना पान. कमरेशी, म्हणजे बुटाखाली जिथे स्की सगळ्यांत अरुंद असते तिथे, शहाऐंशी मिलिमीटर, लांबीला माझ्या कपाळापर्यंत, टोकं किंचित वर वळलेली, पायाखाली मात्र ताठ, लाकडाच्या गाभ्यात धातूची पातळ पट्टी. पहिल्या वळणात तिला दाबलं तर तिनं मलाच उलट दाबलं, जणू म्हणाली, बोल, पुढे काय? काचेवर धरून राहिली. चिखलातून निघाली. भुशात बुडाली नाही. यातल्या एकाही बर्फावर ती सगळ्यांत उत्तम नव्हती, पण कुठेही तिनं मला सोडलं नाही.

अजूनही ओळखीतल्या बायका मला विचारतात, कुठल्या घेऊ? मी म्हणते, बायकांच्या म्हणून हलक्या-मऊ देतील त्या आधी परत ठेवा. तुमच्या मांड्यांत किती जोर आहे ते तुम्हाला माहीत आहे, दुकानदाराला नाही. ऐंशी ते नव्वदच्या मधली कंबर बघा, नाकाच्या वर येईल अशी लांबी घ्या, आणि विकत घेण्याआधी एक आख्खा दिवस सकाळ-दुपार-सावली अशी फिरवून आणा. आणि फॉर्मवर खरं लिहा. एवढंच कळलंय मला, पण ते एका माणसाच्या शेवटच्या हिवाळ्याच्या बदल्यात कळलंय, म्हणून ठासून सांगते.

ताई अजून हायडेलबर्गला असतात, नवा गुडघा उत्तम चालतो, तीन जिने चढून जातात. परवा त्यांच्याकडे पिठलं खात होते तेव्हा खिडकीबाहेर पाऊस पडत होता. म्हणाल्या, "वर बर्फ असेल." एवढंच म्हणाल्या आणि पिठलं वाढलं.

त्या फेब्रुवारीत, मुक्कामाच्या शेवटच्या दिवशी त्या म्हणाल्या, "गोंडोल्यात बसायला गुडघा लागत नाही." तिथला गोंडोला, म्हणजे तारेवरून जाणारा बंद डबा, नेमका उत्तरेच्या उतारावरून जातो. दोघी वर गेलो. मी उतरले, त्या आतच बसून राहिल्या, आणि त्यांचा डबा वळसा घालून परत खाली निघाला. ठरलं होतं की डबा पहिल्या खांबाशी आला की मी सुटायचं. धुक्याचे पुंजके इकडून तिकडे जात होते. डबा खांबाशी आला. मी काठ्या मारल्या.

आणि दोन वळणं मला काही सुचेचना. कारण समोर निळं जॅकेट नव्हतं. नुसता मोकळा पांढरा उतार. तेरा वर्षं मी डोंगर असा कधी बघितलाच नव्हता, कायम कुणाच्या तरी पाठीभोवती बघितलेला. कुठे वळायचं हे विचारायला कुणी नाही. तिसऱ्या वळणात मी स्वतःच ठरवलं, आणि काळ्या स्कींनी ऐकलं. मग पाय मोकळे सुटले. काचेवर धार, कडेच्या भुशात उडी, पुन्हा काच. जिथे पडले होते ती जागा आली आणि मागे गेली. मी हसत होते, तोंडात बर्फ जात होता. मला येत होतं. चांगलं येत होतं.

खाली पोचले आणि गोंडोल्याच्या दाराशी उभी राहिले. ताई कुबडी सावरत बाहेर आल्या. गॉगल डोळ्यांवर ओढलेला.

"नीट दिसलीच नाहीस गं," म्हणाल्या. "धुकं आलं मध्ये. परत जा."

पुन्हा दोघी वर, पुन्हा मी खाली. या वेळी म्हणाल्या, "डब्याच्या काचेवर वाफ धरली. वरची वळणं चुकली माझी. परत."

तिसऱ्यांदा मी खाली आले तेव्हा लख्ख ऊन पडलं होतं, आख्खा उतार वरपासून पायथ्यापर्यंत स्वच्छ दिसत होता. ताई दारातून बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "धुकं होतं गं. परत."

मी म्हटलं, "ताई, धुकं केव्हाच गेलं."

"माहितीये मला," ताई म्हणाल्या. "तू जा."